सोलापुरात बसून पहिला बेस-टेक्नो ट्रॅक रिलीज करायचाय? मग या क्रमाने करा

माझा पहिला ट्रॅक एका शुक्रवारी सगळीकडे रिलीज झाला आणि रविवारी दुपारी मी तो पहिल्यांदा मामाच्या डॉल्बीवर ऐकला. किक (ढोलाचा जड ठोका) येत होती, हॅट (झांजेसारखे बारीक आवाज) येत होते, वरचे आवाज छान पसरले होते. बेस नव्हता. बॉक्सची अख्खी भिंत उभी होती आणि खाली काहीच हलत नव्हतं. मामाने आधी मिक्सरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "पोरी, बेस घालायचा राहिला का गं?"

बेस घातला होता. हेडफोनवर तो भरदार ऐकू यायचा. पण मी त्याला आवाज रुंद करणारा एक इफेक्ट लावला होता, त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूच्या लहरी एकमेकींच्या उलट झाल्या होत्या. मिरवणुकीची सिस्टीम मोनोत चालते. दोन्ही बाजू एकत्र आल्या की उलट लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. तीन महिन्यांचं काम तिथे विरून गेलं, आणि फाइल तर दोन दिवसांपूर्वीच दुकानांत पोहोचली होती.

त्या दिवसापासून मी एकच क्रम पाळते: रिलीज झाल्यावर जे बदलणं अवघड, ते सगळ्यात आधी. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत. ट्रॅक कसा बनवायचा हे शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. बनवलेला ट्रॅक नीट बाहेर कसा काढायचा, तेही पुण्या-मुंबईच्या ओळखीपाळखीशिवाय, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

१. आधी ऐका, आणि विकत घेऊन ऐका

टेक्नो १९८० च्या दशकाच्या मध्याला डेट्रॉइटमध्ये आकाराला आलं. डबस्टेप २००० नंतर दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागात, एका रेकॉर्डच्या दुकानाभोवती जमणाऱ्या पोरांनी घडवलं. आज अंडरग्राउंड बेस आणि टेक्नो म्हणून जे नवं येतं ते बरंचसं या दोन वाटा जिथे मिळतात तिथलं असतं. सुरुवात करायला लेबलच्या, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपनीच्या, नावावरून शोधा, कलाकाराच्या नावावरून नको. ब्रिस्टलचं टेक्टॉनिक (२००५), लंडनचं हायपरडब (२००४) आणि हेसल ऑडिओ (२००७), म्युनिकचं इलियन टेप (२००७), पुन्हा ब्रिस्टलची लिव्हिटी साउंड (२०११) आणि टाइमडान्स (२०१५). युगांडाच्या कंपालामधलं न्येगे न्येगे टेप्सही ऐका. आपल्या हलगीसारख्या तालांचं काय करता येतं हे मला तिथून कळलं. रेडिओ हवा असेल तर लंडनचे रिन्स एफएम आणि एनटीएस, दिल्लीचा बॉक्सआउट एफएम.

आणि हे सगळं परक्यांचंच आहे असं वाटून घेऊ नका. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या रोलँडच्या यंत्रांवर राग वाजवून अख्खी रेकॉर्ड काढली होती. नंतरच्या काळात अॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार ज्या यंत्रांवर उभा राहिला, तीच ही यंत्रं.

विकत का घ्यायचं? कारण स्ट्रीमिंगवर फाइल हातात मिळत नाही, आणि बऱ्याचदा ती दाबलेली असते. बँडकॅम्पवर (कलाकार थेट संगीत विकतात ती वेबसाइट) ट्रॅक घेतला की वेव्ह किंवा फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटलेली फाइल मिळते. ती फाइल तुमच्या प्रोजेक्टमध्ये शेजारच्या चॅनलवर ठेवा आणि दर दहा मिनिटांनी तिकडे वळून ऐका. आपला बेस कुठे कमी पडतो ते लगेच कळतं. महिन्याला एक ट्रॅक घेतला तरी चालेल. बँडकॅम्प फ्रायडे म्हणून काही ठरलेले शुक्रवार असतात, मार्च २०२० पासून सुरू झालेले. त्या दिवशी बँडकॅम्प स्वतःचा वाटा घेत नाही. खरेदी शक्यतो त्याच दिवशी करा. आपल्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या अॅपमधून आधी सुरू करून घ्या.

२. लागणारं साहित्य

- बरा लॅपटॉप. मार्च ते जून सोलापुरात दुपारी तो तापून हळू होतो आणि पंख्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये येतो. ट्रॅकचं जड काम सकाळी उरका.
- एक डॉ, म्हणजे गाणं रचायचं सॉफ्टवेअर. एबल्टन लाइव्ह, एफएल स्टुडिओ किंवा रीपर. एफएल एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट फुकट मिळतात. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि त्याचं वैयक्तिक लायसन्सही स्वस्त आहे.
- फुकट सिंथ (लॅपटॉपवर आवाज घडवणारी वाद्यं): व्हायटल आणि सर्ज एक्सटी. या दोघांवर कोणताही बेस बनतो.
- फुकट मीटर: व्हॉक्सेंगोचा स्पॅन (कोणत्या हर्ट्झवर किती आवाज आहे ते दिसतं) आणि यूलीनचा लाउडनेस मीटर.
- बंद पाठीचे स्टुडिओ हेडफोन. कंपनी कोणतीही असो, बेस वाढवून दाखवणारे नकोत.
- वीज जाते म्हणून छोटा यूपीएस आणि बॅकअपसाठी वेगळी हार्ड डिस्क.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो हे एक कारण. दुसरं असं की सहा महिन्यांनी लॅपटॉप बदलला की जुना प्रोजेक्ट उघडत नाही. आणि रिमिक्ससाठी कोणी सुटे ट्रॅक मागते ते नेमकं तेव्हाच.

३. बेस: इथे वेळ घालवा

सगळ्यात मोठी पायरी हीच आहे.

पहिलं म्हणजे स्वर निवडताना सिस्टीमचा विचार करा. सगळ्यात खालच्या सप्तकातला सी ३२.७ हर्ट्झला येतो, ई ४१.२ ला, एफ ४३.७ ला, जी ४९ ला, ए ५५ ला. आपल्याकडच्या अठरा इंची बॉक्समधून ४० च्या खालचं फार थोडं बाहेर येतं. तुमचा ट्रॅक सी मध्ये असेल आणि मुख्य स्वर ३२.७ वर वाजत असेल, तर अॅम्प्लीफायर ताकद खर्च करेल आणि समोर उभ्या माणसाला काहीच लागणार नाही. एफ ते ए च्या मध्ये ट्रॅक बसवला की तोच बेस छातीत बसतो. मी हल्ली ट्रॅक सुरू करतानाच जी पकडते.

दुसरं म्हणजे खोली. ५० हर्ट्झची एक लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. आपली दहा बाय दहाची खोली तीन मीटरची. अशा खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतीजवळ घुमतो आणि खोलीच्या बरोबर मधोमध गायब होतो. लांबी-रुंदी सारखी असेल तर हा त्रास दुप्पट, कारण दोन्ही दिशांना तोच आकडा येतो. माझी खोली अशीच चौकोनी आहे. ए चा स्वर इतका घुमायचा की मी तो कमी करत गेले, आणि बाहेर ऐकलं की ए च्या जागी खड्डा. जागा बदलून बघा, खोलीच्या मधोमध बसून मिक्स करू नका, आणि खालच्या पट्टीचा अंतिम निर्णय हेडफोन आणि मीटर यांच्या भरवशावर घ्या.

इथे एक सापळा सांगते, कारण आपल्या गावात तो सहज सुचतो. भिंतींवर चादरी टांगून बेस आवरत नाही. मी घरातल्या सगळ्या सोलापुरी चादरी टांगून बघितल्या. वरचा आवाज मऊ झाला, टाळीचा घुमार गेला, पण खालचं सगळं जसंच्या तसं राहिलं, उलट वरचं कमी झाल्यामुळे जास्तच गढूळ वाटायला लागलं. अंड्याच्या ट्रेचंही तेच. बेस शोषायला फूटभर जाडीचं भरीव काहीतरी लागतं, तेही कोपऱ्यात.

तिसरं, १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करा. प्रत्येक डॉमध्ये त्यासाठी साधन असतं. शेवटच्या चॅनलवर मोनोचं बटण ठेवा आणि रोज एकदा दाबून ऐका. बेस बारीक झाला किंवा नाहीसा झाला तर पुढे जाऊ नका. माझा अख्खा पहिला ट्रॅक या एका बटणाने वाचला असता.

चौथं, किक आणि बेसचं भांडण. ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाला किती मात्रा) भागलं की एक मात्रा किती मिलिसेकंदांची ते मिळतं. १३० ला साधारण ४६१, १४० ला ४२८. टेक्नोमध्ये प्रत्येक मात्रेवर किक पडते, म्हणजे किकची शेपटी आणि बेसचा स्वर या दोघांना मिळून एवढीच जागा. किकची शेपटी आधी आखूड करा. मगच साइडचेन लावा, म्हणजे किक पडते त्या क्षणी बेस आपोआप खाली जातो. नवखे बहुतेक जण उलटं करतात: लांब किक तशीच ठेवून साइडचेन इतकं जोरात लावतात की ट्रॅक धापा टाकतो. डबस्टेपमध्ये १४० चा वेग असला तरी ताल निम्म्या गतीने चालतो, तिथे जागा जास्त मिळते. म्हणून पहिला ट्रॅक तसा करणं सोपं जातं, असं माझं मत.

पाचवं, मोबाइल. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतील आणि त्यातून ५० हर्ट्झ येतच नाही. बेसची एक प्रत करा, तिला थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकी खरखर आणणारा इफेक्ट) द्या आणि तिचं १५० च्या खालचं कापून मूळ बेसवर हलकेच ठेवा. वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) ऐकू आले की कान खालचा स्वर स्वतः भरून घेतो.

४. डॉल्बीवर चाचणी

ही सोय पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पोरांकडे नाही, आपल्याकडे आहे. सोलापुरात डॉल्बीवाल्यांची कमी नाही. माझा मामाच त्या धंद्यात असल्यामुळे मला सोपं गेलं. तुमची ओळख नसेल तर जाऊन बोला. गणपती, नवरात्र, जयंत्या आणि लग्नसराई यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत जा. त्यांना माल तपासायला वेळ असतोच. जनरेटर लावावा लागला तर डिझेलचे पैसे द्या. अर्धा तास पुरतो.

जाण्याआधी:

- पेन ड्राइव्हवर तुमचा ट्रॅक आणि तुलनेसाठी विकत घेतलेले दोन ट्रॅक न्या, तिन्हींचा आवाज सारखा करून.
- दुपारची वेळ ठरवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि दिवसासुद्धा वस्तीत मर्यादा ५५ डेसिबलचीच आहे. म्हणून गोडाउन वस्तीबाहेरचं बघा आणि दार लावून घ्या.
- कानात इअरप्लग. हे सांगूनही कोणी घालत नाही. घाला. गेलेले कान परत येत नाहीत.
- नुसता सब (सगळ्यात खालचा बेस) एकटा काढून पूर्ण आवाजात वाजवू नका. एकच स्वर सलग ताणला तर स्पीकरची कॉइल जळते, आणि ती त्यांची रोजीरोटी आहे.

ऐकताना मोबाइलवर वेळ लिहून ठेवा: १:३२ ला बेस दबतो, ३:०५ ला हॅट टोचतात. तिथल्या तिथे दुरुस्त्या करत बसू नका. आणि मिक्सरवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा. वीस वर्षं बॉक्स हलताना बघितलेल्या माणसाला "खालचा माल मागं पडतोय" हे तुमच्या मीटरच्या आधी कळतं.

५. सॅम्पल आणि हक्क

इथे झालेली चूक रिलीजनंतर फार महाग पडते.

"सात सेकंदांपर्यंत घेतलं तर चालतं" असं सगळीकडे ऐकायला मिळतं. असा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही. जुन्या मराठी गाण्यातला एक ठेका उचललात तरी दोन वेगळे हक्क येतात: ध्वनिमुद्रणाचा, जो प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि रचनेचा, जो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६० ची रेकॉर्ड मोकळी झाली तरी तिच्यातली चाल मोकळी असेलच असं नाही.

त्यापेक्षा स्वतः रेकॉर्ड करा. सोलापूरच्या पूर्व भागात ज्याचं बालपण गेलं त्याला मागाची खटखट वेगळी ऐकवायला नको. पण कारखान्यात सगळे माग एकदम सुरू असतात आणि कोणतेही दोन एका लयीत नसतात, रेकॉर्डिंगमध्ये नुसता गोंगाट येतो. पाळी सुरू होताना पहिला माग चालू होतो ती दोन-तीन मिनिटं पकडा. मालकाला आधी विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर पाच-सहा पावलं लांब उभे राहा, कारण मोबाइल मोठा आवाज आपोआप दाबतो आणि धोट्याच्या ठोक्याची धारच जाते. घरी आल्यावर एक ठोका कापून घ्या आणि तो आपल्या वेगावर बसवा. मूळ लय तशीच ठेवायचा हट्ट केलात तर किक घसरत राहते.

हलगी घेणार असाल तर ती विस्तवावर शेकल्यावर लगेच रेकॉर्ड करा, थंड होईल तसा स्वर उतरतो. आणि वाजवणाऱ्याशी एका कागदावर लिखापढी करा: नाव, तारीख, किती पैसे दिले, कुठे वापरणार, श्रेय कसं देणार. पारंपरिक ताल कोणाच्या मालकीचा नसला तरी त्या वादनावर वादकाचा हक्क कायद्याने ५० वर्षं असतो. पैसे त्याच दिवशी द्या आणि नाव छापा. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांसमोर होणारा जयघोष मी वापरत नाही. कायद्याचं काही असो, तो क्लबात वाजवायचा आवाज नाही.

विकतच्या सॅम्पल पॅकमधले लूप वापरलेत तर डिस्ट्रिब्यूटरकडे (तुमचा ट्रॅक स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणारी कंपनी) यूट्यूबच्या कंटेंट आयडीसाठी, म्हणजे इतरांच्या व्हिडिओत तुमचा आवाज शोधणाऱ्या यंत्रणेसाठी, टिक करू नका. तोच लूप हजार जणांनी वापरलेला असतो. तुमच्या नावाने दुसऱ्यांच्या व्हिडिओवर दावे लागतात आणि शेवटी तुमचंच खातं अडचणीत येतं.

६. नाव

कलाकार म्हणून घेतलेलं नाव बँडकॅम्प, स्पॉटिफाय, डिस्कॉग्ज (रेकॉर्डांची यादी ठेवणारी वेबसाइट) आणि इन्स्टाग्राम, चारही ठिकाणी शोधा. त्याच नावाचा कोणी परदेशात असेल तर तुमचा ट्रॅक त्याच्या पानावर जाऊन बसतो आणि सोडवायला आठवडे लागतात. देवनागरीत नाव हवं असेल तर अवश्य ठेवा, पण रोमन स्पेलिंग एकच ठरवा आणि ते कायम वापरा.

७. कागदपत्रं

- पॅन कार्ड
- आधार, मोबाइलशी जोडलेलं
- बँक पासबुकचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक
- फक्त संगीतासाठीचा वेगळा ईमेल
- कोणासोबत मिळून ट्रॅक केला असेल तर टक्केवारीचा सही केलेला कागद

पॅन, बँक आणि पेपल (परदेशातून पैसे घ्यायची ऑनलाइन सेवा) या तिन्हींकडे नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. माझं पॅन माहेरच्या नावावर होतं आणि बँकेत लग्नानंतरचं. पैसे येऊन अडकले आणि सुटायला दीड महिना गेला. मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरूनही अडतं. ट्रॅक अर्धवट असतानाच हे तपासून घ्या.

बँडकॅम्पचे पैसे पेपलवर येतात. पेपलचं खातं पैसे स्वीकारता येतील अशा प्रकारचं उघडा. पॅन आणि बँक खातं जोडावं लागतं, परपज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक) निवडावा लागतो, मग आलेली रक्कम आपोआप बँकेत जाते. अमेरिकन डिस्ट्रिब्यूटर घेतलात तर डब्ल्यू-८बीईएन नावाचा कराचा फॉर्म येतो. तो टाळू नका. त्यात पॅन क्रमांक देऊन भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला नाही, तर अमेरिकेतून येणाऱ्या रॉयल्टीतले ३० टक्के कापले जाऊ शकतात. करारानुसार हा दर १५ टक्के आहे. कापलेल्या कराचा हिशोब रिटर्नमध्ये दाखवायला सीएला एकदा विचारा.

८. कुठे काढायचं

तीन वाटा आहेत.

बँडकॅम्प: खातं फुकट, किंमत तुम्ही ठरवता, डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात. या संगीताचे डीजे आणि संग्राहक इथेच खरेदी करतात, म्हणून मी इथूनच सुरुवात करा म्हणेन. एक अडचण कोणी आधी सांगत नाही. पेपलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्याघेण्याची सेवा बंद केली. म्हणजे बर्लिनचा माणूस तुमचा ट्रॅक घेऊ शकतो, पण जुळे सोलापुरातल्या मित्राला पेपलवरून तो घेता येत नाही. त्यावर उपाय डाउनलोड कोडचा. बँडकॅम्पवरून कोड तयार करा, कागदावर छापा, मित्राकडून यूपीआयने पैसे घ्या आणि कोड द्या.

डिस्ट्रिब्यूटर: हे स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक वगैरेंकडे ट्रॅक पाठवतात. डिस्ट्रोकिड वर्षाची फी घेतं, ती बंद केली आणि वेगळे पैसे भरून ट्रॅक कायम ठेवला नसेल तर तो खाली येतो. सीडी बेबी प्रत्येक रिलीजला एकदाच घेतं. राउटनोटमध्ये फुकट पर्याय आहे, पण ते १५ टक्के ठेवतात. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या ट्रॅकला १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्याचे पैसे मिळत नाहीत. तेव्हा पहिल्या वर्षी तिथून कमाईची आशा ठेवू नका. लोकांना सापडावं एवढ्यासाठी तिथे असा.

लेबल: तीन-चार पूर्ण ट्रॅक असतील तरच लिहा. साउंडक्लाउडची खासगी लिंक, चार ओळींचा ईमेल, एका वेळी एकाच लेबलला. त्या लेबलचे रिलीज खरंच ऐकलेत हे दिसलं पाहिजे. करारात किती वर्षं, कोणते हक्क आणि खर्च वजा जाता किती टक्के हे वाचा. निम्मं-निम्मं हे सर्रास चालतं. रिलीज करण्यासाठी तुमच्याकडेच पैसे मागणारं लेबल असेल तर उत्तरही देऊ नका.

९. फाइल आणि माहिती

मिक्स संपवताना मास्टर चॅनलवर ६ डीबी मोकळे ठेवा. मास्टरिंग, म्हणजे पूर्ण ट्रॅकवर फिरवायचा शेवटचा हात, शक्यतो दुसऱ्याकडून करून घ्या, आपल्याच चुकांना आपले कान सरावलेले असतात. शेवटची फाइल २४ बिट वेव्ह, टोक उणे १ डीबीच्या वर न जाणारं. स्पॉटिफाय सगळं उणे १४ लफ्सच्या (सरासरी आवाज मोजायचं एकक) आसपास आणून वाजवतं, म्हणून नुसता आवाज वाढवण्यासाठी ट्रॅक चेपू नका, चेपलेला बेस परत फुलत नाही. सुरुवातीला आणि शेवटी १६ किंवा ३२ बार (एक बार म्हणजे चार मात्रा) नुसता ताल ठेवा, डीजेला मिसळायला तेवढी जागा लागते.

कव्हर ३,००० बाय ३,००० पिक्सेल, चौकोनी. नेटवरून उचललेलं चित्र नको. नावाच्या रकान्यात बीपीएम किंवा लेबलचं नाव घालू नका, दुकानं परत पाठवतात. प्रत्येक ट्रॅकला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो. तो डिस्ट्रिब्यूटर देतो, भारतात स्वतःचा हवा असेल तर इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून मिळतो. मिळाला की वहीत लिहून ठेवा. का, ते शेवटच्या पायरीत येईल.

१०. तारीख

२०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं. तुमची तारीख फाइल तयार झाल्यापासून चार आठवडे पुढची धरा.

पहिला आठवडा: अपलोड, माहिती, कव्हर. दुसरा: स्पॉटिफायच्या कलाकार पानावरून ट्रॅक संपादकांकडे पाठवणं (निदान सात दिवस आधी, म्हणजे तुमचे फॉलोअर असतील त्यांच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी यादी) तो हमखास जातो). तिसरा: दहा-पंधरा डीजे आणि रेडिओवाल्यांना खासगी डाउनलोड लिंक, प्रत्येकाला वेगळा ईमेल. चौथ्या आठवड्यात गप्प बसा, फक्त सगळीकडे तपासून घ्या.

गड्डा, गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यात तारीख धरू नका. तुमचेच लोक ऐकायला मोकळे नसतात.

११. रिलीज झाल्यावर

इन्स्टाग्रामवर मेसेज येतील, "दहा हजार स्ट्रीम, एवढे रुपये". ते स्ट्रीम खोटे असतात. २०२४ पासून स्पॉटिफाय अशा ट्रॅकमागे डिस्ट्रिब्यूटरला दंड लावतं, तो फिरून तुमच्याकडे येतो आणि ट्रॅक उतरवला जातो तो वेगळाच.

आयपीआरएसचं सदस्यत्व घ्या. १९६९ पासूनची ही संस्था रचनाकारांची रॉयल्टी गोळा करते, शब्द नसलेली रचनाही तिच्यात येते. तुमची कागदपत्रं तयारच आहेत. कॉपीराइटची सरकारी नोंदणी सक्तीची नाही. त्याऐवजी तारखेसह प्रोजेक्टच्या फाइली, कच्ची रेकॉर्डिंग आणि वादकाशी केलेला कागद दोन ठिकाणी जपा.

आणि एवढं करूनही मास्टरमध्ये चूक निघालीच तर ट्रॅक घाईने उतरवू नका. डिस्ट्रिब्यूटरला आधी विचारून दुरुस्त फाइल त्याच नावाने, त्याच माहितीने आणि त्याच आयएसआरसी क्रमांकाने नवीन रिलीज म्हणून चढवा. दोन्ही एकत्र दिसायला लागले आणि स्ट्रीमचे आकडे जुळले की मगच जुना उतरवा. माझ्या पहिल्या ट्रॅकचं मी हेच केलं, पण क्रमांक लिहून ठेवला नव्हता, तो शोधण्यात चार दिवस गेले. दुरुस्त फाइल घेऊन पुन्हा मामाकडे गेले. या वेळी मामाने मिक्सरला हात लावला नाही. गोडाउनचा पत्रा थरथरत होता, मामा उठला आणि दाराची कडी नीट लावून आला.